डेक्कन कॉलेज: विश्रामबागवाड्यातून नदीपल्याड

घडीव_दगड (धागाकर्ता)

पुण्यात 'डेक्कन कॉलेज' म्हटलं की हमखास कुणीतरी जिमखान्याकडे हात करतो, नाहीतर फर्ग्युसनचं नाव घेतो. आपलं कॉलेज मात्र नदी ओलांडून येरवड्याला आहे. तिथल्या संग्रहालयाची आणि संस्कृत कोशाची माहिती बऱ्याच जणांना असते, पण त्या संस्थेची आणि दगडी इमारतीची कुंडली सलग कुणी मांडलेली मराठीत फारशी दिसत नाही. म्हणून हा धागा. भर घाला, भांडा, सगळं चालेल.

सुरुवात दक्षिणेपासून करावी लागते. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा सेनापती दाभाड्यांकडून पेशव्यांकडे आली. पुढे तिचा पसारा एवढा वाढला की पर्वतीच्या रमण्यात, म्हणजे दक्षिणा वाटायच्या आवारात, दूरदूरच्या प्रांतांतून लोक येऊ लागले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन हिशेबी माणूस. दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातला सगळा शास्त्रीवर्ग बिथरेल, आणि तशीच चालू ठेवली तर पैसा नुसता वाटण्यात जाईल, हे त्याला दिसत होतं. बनारसला १७९१ पासून संस्कृत कॉलेज चालू होतंच. त्याच वाटेनं जाऊन दक्षिणेतला काही पैसा बाजूला काढला गेला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली. कागदोपत्री नाव हिंदू कॉलेज, पुणेकरांच्या तोंडी पाठशाळा. वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष, अलंकार, वैद्यक असे विषय आणि शिकवायला शास्त्री.

जागेची निवड बघा. दुसऱ्या बाजीरावाने हौसेनं बांधलेला वाडा, सुरूच्या आकाराचे नक्षीदार लाकडी खांब, पुढे आलेला सज्जा, आत चौक. वाडा बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती, आणि मालक बिठूरला पेन्शनवर. त्याच्या वाड्यात, त्याच्याच घराण्यानं चालवलेल्या दक्षिणेच्या पैशावर नव्या सरकारची शाळा. राजकारण म्हणून हे डोकं कबूल करावं लागतं.

मधली तीस वर्षं झपाट्यानं सांगतो. इंग्रजी शिक्षणाची मागणी वाढली, आणि १८५१ मध्ये पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं आणि कॉलेज त्याला जोडलं गेलं. एडविन अर्नोल्ड, म्हणजे पुढे बुद्धचरित्रावरच्या इंग्रजी काव्यामुळे गाजलेला कवी, तो १८५६ ते १८६१ इथे प्रिन्सिपॉल होता. १८६४ मध्ये नाव बदलून डेक्कन कॉलेज झालं.

आता इमारत. १५ ऑक्टोबर १८६४ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसवली. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा, रॉयल इंजिनिअर्सचे. जीजीभाई घराण्यानं एक लाख रुपये दिले. १८६८ मध्ये कॉलेज विश्रामबागवाडा सोडून इथे आलं. शैली गॉथिक, टोकदार कमानी, उतरती छपरं, कोपऱ्यात मनोरा. मधला मुख्य भाग आणि दोन बाजूंना पंख, असा तीन बाजू बंद आणि एक बाजू मोकळी ठेवलेला आराखडा. पंखांमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या.

माझ्या मते या कॉलेजच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय नाव बदलण्याचा किंवा इंग्रजी आणण्याचा नव्हताच. तो होता गावाबाहेर, नदीपलीकडे जाण्याचा. पेठांमधल्या विद्यार्थ्याला तीन-चार मैल रोज चालत येणं-जाणं परवडेना, म्हणून राहायची सोय करावी लागली. आणि वीस वर्षांची हुशार पोरं घर, सोवळं, वडीलधारे यांच्यापासून दूर एका छपराखाली राहायला लागल्यावर जे होतं, ते झालं. टिळक १८७३ मध्ये इथे दाखल झाले आणि १८७६ मध्ये बी.ए. झाले. त्यांची आणि आगरकरांची गाठ इथलीच. नोकरी न करता शाळा काढायची, हे त्यांचं ठरलं ते इथल्या रात्रीच्या गप्पांत आणि आसपासच्या टेकाडांवर फिरताना. १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ ला फर्ग्युसन. कॉलेज विश्रामबागवाड्यातच राहिलं असतं तर संध्याकाळी पाचला सगळे आपापल्या घरी जेवायला गेले असते.

पण याच अंतरानं पुढे कॉलेजला जवळजवळ संपवलं. तो भाग चर्चेत येईलच.

---

बखरवाचक

उत्तम सुरुवात. एक भर. मधल्या 'झपाट्यानं' सांगितलेल्या काळात मेजर थॉमस कँडी आहेत, त्यांना असं ओलांडून जाऊ नका. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातले ते सहकारी, पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती. आज आपण इथे जे स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह टाकतो ते मराठीत रुळवण्यात त्यांचा मोठा हात. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत तयार झाले. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री डेक्कन कॉलेजचे, १८७२ चे बी.ए. म्हणजे बाप वाड्यात शिकला, मुलगा नदीपल्याडच्या इमारतीत. मुलानं मग इंग्रजी शिकवणाऱ्यांचीच खरडपट्टी काढली, ते वेगळं.

---

रानवाटा

सगळं खरं, पण 'दक्षिणेचा पैसा' म्हणून जो पैसा सांगता तो आला कुठून? शेतसाऱ्यातून. आणि पाठशाळेत प्रवेश कुणाला होता? सुरुवातीची तीस वर्षं फक्त ब्राह्मणांना. हे धाग्यात पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं.

१८४९ मध्ये काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहून घेण्यासाठी खर्च करावा. त्यावरून पुण्यात एवढा गदारोळ झाला की अर्जदारांच्या संरक्षणाला जोतीराव फुल्यांनी महार-मांग मंडळींना उभं केलं होतं. त्यातूनच १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी झाली. फुले तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगासमोर त्यांनी हाच मुद्दा मांडला. कर रयत भरते आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, तेव्हा आधी प्राथमिक शाळांवर खर्च करा. त्या निवेदनात फुले स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल काँट्रॅक्टर म्हणवतात. मुळा-मुठेच्या धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं होतं. पुण्याच्या त्या दगडी भरभराटीचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता.

---

घडीव_दगड

@रानवाटा, मान्य आणि आभार. दक्षिणेची बाजू मी दरबारच्या चष्म्यातून लिहिली, तुम्ही ती खालून दाखवलीत. एक जोडतो: १८५१ च्या फेरबदलानंतर कॉलेजचं दार कायद्यानं इतर जातींना उघडं झालं, प्रत्यक्षात आत येणारे बराच काळ तेच राहिले. दार उघडं असणं आणि फीचे पैसे खिशात असणं यात फरक आहे. हंटर आयोगासमोरचा युक्तिवाद नेमका तिथेच बोट ठेवतो.

---

कैची_तुळई

सिव्हिलवाल्याची दोन आण्यांची भर. लोक 'गॉथिक' म्हणून मोकळे होतात, पण हे इंग्लंडचं गॉथिक नव्हे. तिकडे चुनखडक किंवा वालुकाश्म, छिन्नी लावली की लोण्यासारखा सुटतो, म्हणून तिथे जाळ्या, पानंफुलं, तोंडं वेंगाडणारे दगडी प्राणी. आपल्याकडे बेसाल्ट. त्याला पाथरवटानं दिवसभर टाकी लावली तरी वीतभर सपाटी मिळते. मुंबईत यावर तोड काढली ती अशी की भिंती काळ्या दगडाच्या आणि नक्षीकामापुरता बाहेरून आणलेला मऊ दगड. डेक्कन कॉलेजमध्ये तो थाट कमी आहे, आणि मला ही इमारत त्यामुळेच जास्त आवडते. नक्षीऐवजी कमानींची लय, छपराचा उतार आणि दगडाचं वजन, एवढ्यावर सगळं उभं आहे.

दुसरं, कमानींचा व्हरांडा. शोभेला म्हणून तो नाही. जाड दगडी भिंत दिवसभर ऊन प्याली की रात्रभर खोली भाजते. व्हरांड्यानं ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही आणि पावसाळ्यात झोताचा पाऊसही बाहेरच थांबतो. आपल्या वाड्यातली ओसरी हेच काम करते. रॉयल इंजिनिअर्सच्या लोकांनी छावण्यांच्या बराकी बांधता बांधता ही अक्कल कमावली होती, विल्किन्सने ती टोकदार कमानीत बसवली. छपराला सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे. जुन्या सागाला कोरडं ठेवलं की त्याला काही होत नाही, फक्त पन्हळी तुंबू द्यायच्या नाहीत. दगडी इमारती भूकंपानं पडतात त्याहून जास्त तुंबलेल्या पन्हळींनी आणि सांध्यात रुजलेल्या पिंपळानं पडतात. दुरुस्तीला सिमेंट फासलं तर आणखीनच वाट लागते. चुन्याचा सांधा दमट भिंतीला श्वास घेऊ देतो, सिमेंट ओल आत कोंडतं.

---

चिवचिव

बावळट प्रश्न विचारते. १८२१ ही स्थापना धरायची कशी? विश्रामबागवाड्यातली पाठशाळा आणि १८६४ चं कॉलेज, दोघांत विषय वेगळे, भाषा वेगळी, शिक्षक वेगळे, इमारत वेगळी. मग 'दोनशे वर्षांची संस्था' हा थोडा ओढूनताणून आणलेला मान नाही का?

---

बखरवाचक

@चिवचिव, प्रश्न अजिबात बावळट नाही. पण वारसा बघायचा तर पैशाचा माग काढावा. दक्षिणेच्या निधीतून नंतरही 'दक्षिणा फेलो' नेमले जात, म्हणजे पदवीधर होऊन कॉलेजातच राहून शिकवणारे तरुण. नाव जुन्या रमण्याचं, काम इंग्रजी कॉलेजचं. आणि संस्कृत कधी सुटलंच नाही. १८६६ पासून जर्मन पंडित कीलहॉर्न इथे संस्कृत शिकवत होते, जुने शास्त्री त्यांच्या शेजारी बसून पतंजलीच्या महाभाष्यातल्या, म्हणजे व्याकरणग्रंथातल्या, अडचणी सोडवत. कीलहॉर्न यांची महाभाष्याची आवृत्ती आजही जगभर वापरतात, ती या शेजारातून झाली. त्यांच्यानंतर १८८२ मध्ये रा. गो. भांडारकर आले.

---

घडीव_दगड

भांडारकरांवरून पोथ्यांचा विषय. मुंबई सरकारनं १८६८ च्या सुमाराला हस्तलिखितं गोळा करायची मोहीम काढली. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर गावोगाव, राजस्थान-गुजरातेतल्या भांडारांपर्यंत गेले. गोळा झालेला साठा डेक्कन कॉलेजात ठेवला. १९१७ मध्ये भांडारकर संस्था निघाली आणि पुढल्या वर्षी तो साठा तिकडे गेला. सतरा हजारांच्या वर पोथ्या. आज भांडारकर संस्थेचं जे वैभव म्हणून सांगतो त्याचा पाया येरवड्याच्या इमारतीत भरला गेला, हे सहसा कुणी सांगत नाही.

---

भटक्या_विमुक्त

टिळकांबद्दल एवढंच? मंडळी, पहिलं वर्ष त्यांनी अभ्यासाला टांग मारून तालीम, पोहणं आणि नाव वल्हवणं यात घालवलं, हे कसं विसरलात! आणि नाव वल्हवायला पाणी कुठून आलं? नदीवर जीजीभाईंच्या देणगीतून बांधलेला बंधारा. त्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबून राही आणि कॉलेजचा बोट क्लब चाले. बंड गार्डन हे नाव त्याच बंधाऱ्याचं. म्हणजे इमारतीलाही जीजीभाई आणि होड्यांनाही जीजीभाई.

आणि ते गणिताचे शिक्षक. केरोपंत छत्रे, केरूनाना. टिळकांनी आयुष्यभर ज्यांच्यावर भक्ती केली अशा मोजक्या लोकांतले. पंचांगशुद्धीचं वेड तिथून लागलं. इंग्रजीला प्रोफेसर वर्डस्वर्थ होते, कवी वर्डस्वर्थचे नातू. आजोबांच्या कविता नातू शिकवतोय आणि समोर बसलेले दोघे पुढे केसरी काढणार आहेत, ही वर्गाची हजेरी मला बघायला आवडली असती.

जाता जाता: १८९७ च्या शिक्षेत टिळकांना आधी मुंबईच्या तुरुंगांत ठेवलं आणि मग येरवड्याला आणलं. कॉलेज आणि तो तुरुंग, दोन्ही नदीच्या एकाच काठावर. वसतिगृहातली टिळकांची खोली जपून ठेवली आहे, जाऊन बघा.

---

रानवाटा

राजवाडे राहिले. इतिहासाचार्य इथलेच. गुरुदेव रानडे इथलेच. सेनापती बापटही इथलेच. आणि हे तिघं एकमेकांच्या किती उलट दिशांना गेले ते बघा. दफ्तरं, तत्त्वज्ञान, बॉम्ब.

---

चिवचिव

मग एवढं सगळं असताना कॉलेज बंद का पडलं?

---

घडीव_दगड

हाच तो अंतराचा मुद्दा. १८६८ मध्ये पर्याय नव्हता म्हणून लोक नदी ओलांडून येत. १८८५ मध्ये फर्ग्युसन निघालं, १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज, म्हणजे आजचं स. प. दोन्ही गावाला लागून आणि दोन्ही लोकांनी काढलेली. राष्ट्रीय भावनेचा काळ, मुलं साहजिकच तिकडे. आणि गंमत अशी की फर्ग्युसन काढणारे याच कॉलेजातून शिकून गेले होते. माझं मत असं की डेक्कन कॉलेजला त्याच्या विद्यार्थ्यांनीच हरवलं. सरकारी खर्च मात्र तेवढाच, एवढी मोठी वास्तू, एवढं आवार. तिशीच्या मंदीत सरकारला काटकसर करायचीच होती, आणि १९३४ मध्ये कॉलेज बंद केलं.

माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. देणगी शिक्षणासाठी दिलेली, जागा शिक्षणासाठी, सरकार ती अशी गुंडाळू शकत नाही, असा वाद न्यायालयात गेला. त्याचा परिणाम म्हणून १७ ऑगस्ट १९३९ ला संस्था पुन्हा उघडली, पण पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी. बी.ए.चे वर्ग गेले ते गेलेच.

आणि मग तेच अंतर पुन्हा फायद्याचं ठरलं. मोकळं आवार, शांतता, उत्खननातून आलेल्या खापरांचे ढीग पसरायला जागा. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे दोघेही १९३९ च्या सुरुवातीच्या मंडळींतले. मग उत्खननं झाली: नेवासे, जोर्वे, पुढे इनामगाव. महाराष्ट्रात सातवाहनांच्या आधी कोण राहत होतं, काय पिकवत होतं, मेलेल्याला कसं पुरत होतं, हे आपल्याला कळलं ते बहुतांशी या इमारतीतून. कॉलेज गावात असतं तर एव्हाना त्या जागेवर कॉमर्सच्या तीन तुकड्या असत्या.

---

कैची_तुळई

शेवटच्या वाक्याला +१.

---

बखरवाचक

संस्कृत कोशाचंही सांगा की. १९४८ मध्ये डॉ. कत्रे यांनी काम हाती घेतलं. ऋग्वेदापासूनच्या दीड हजाराच्या आसपास ग्रंथांतून शब्द वेचले, प्रत्येक शब्दाची चिठ्ठी, चिठ्ठीवर संदर्भ. अशा चिठ्ठ्यांच्या लोखंडी कपाटांनी खोल्या भरल्या आहेत. पहिला खंड १९७६ मध्ये आला. पस्तीस खंड झाले तरी शब्द 'अ' पासून सुरू होणारेच.

---

चिवचिव

पस्तीस खंड आणि अजून 'अ'?? आमच्या ऑफिसात असं झालं तर क्लायंट जीव घेईल.

---

बखरवाचक

'अ' संस्कृतात सगळ्यात मोठा. नकारार्थी सगळे शब्द तिथेच येतात, शिवाय अति-, अधि-, अनु-, अप-, अभि-, अव- हे उपसर्ग. आणि हा नुसता अर्थ देणारा कोश नव्हे. शब्द पहिल्यांदा कुठे आला, कोणत्या शास्त्रात त्याचा अर्थ कसा वळला, हे ग्रंथांच्या कालक्रमानं. सुरुवातीला शास्त्री आणि पाश्चात्त्य पद्धतीचे पंडित शेजारी बसत म्हणालो ना, त्याच बैठकीचं हे आजचं रूप.

---

भटक्या_विमुक्त

नुसत्या इमारतीसाठी जायचं असेल तर काय बघावं?

---

कैची_तुळई

आधी मोकळ्या बाजूनं उभं राहून तिन्ही अंगं एकत्र बघा, मग व्हरांड्यातून चालत जा. कमानींच्या दगडांचे सांधे किती बारीक आहेत ते बोट फिरवून पाहा. मनोरा सकाळच्या तिरक्या उन्हात बघा, दुपारी काळा दगड सपाट दिसतो. पुरातत्त्व संग्रहालय आणि मराठा इतिहास संग्रहालय, दोन्ही आवारात आहेत. दुसऱ्यात इतिहाससंशोधक पारसनिसांचा साताऱ्याहून आणलेला संग्रह आहे, त्याला वेळ ठेवा. कामकाजाच्या दिवशी जा आणि आधी फोन करा, संशोधन चालू असलेली संस्था आहे.

त्याच दिवशी विश्रामबागवाडाही करा. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला होता, शेजारचा बुधवारवाडा तर पुरता गेला. तरी पुढचा सज्जा आणि ते सुरूचे खांब बघून कळतं की १८२१ चा विद्यार्थी कुठे बसत होता. आधी वाडा, मग कॉलेज, असा क्रम ठेवा.

---

रानवाटा

आणि वाटेत कॅम्पात लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. तेही विल्किन्सचंच, डेव्हिड ससूनच्या पैशातून, १८६७ चं. काळ्या दगडाचा तोच माणूस तांबड्या विटेत काय करतो ते दिसेल. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते ६५ मध्ये कापसाचा भाव भडकला, मुंबईत पैसा वाहिला आणि त्यातला काही पुण्यात मुरला. जीजीभाई, ससून, रेडीमनी, सगळ्यांच्या देणग्यांच्या तारखा त्या चार-पाच वर्षांच्या आसपास बघा.

---

घडीव_दगड

विल्किन्स मुंबईचं जुनं सचिवालय करायला गेले ते यानंतर. कापसाच्या पैशातल्या पुण्याच्या इमारतींवर स्वतंत्र धागा काढतो. @रानवाटा, हंटर आयोगाचं निवेदन तुम्ही त्यात घालायचं, हे आत्ताच ठरवून टाकू.